तिथीची पाऊणपट

पहाटे 5:00

आज माघ वद्य द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला ठाणे खाडी भरणार. हा हिशेब मला कॅमेऱ्याच्या कुठल्या वर्गात मिळाला नाही. गावातल्या एका काकांनी शिकवला. त्यांची होडी अजूनही खाडीत जाते. भरतीचं कोष्टक मोबाइलवर असतंच, पण मी आधी तिथी मोजते आणि मग मोबाइल उघडते.

भरलेल्या दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, 150-600ची झूम लेन्स, आणि लेन्स टेकवायला घरी शिवलेली तांदळाची पिशवी. गडद हिरवा सदरा. चहा घेऊन निघते.

सकाळी 6:10

कोपरखैरण्याच्या सेक्टरांचे दिवे मागे पडले की चिखलाचा वास येतो. पारसिकच्या डोंगरावर बारशीची बारीक कोर आहे. वाटेवरच्या ओल्या मातीत कुत्र्यासारखी, पण जरा निमुळती पावलं उमटली आहेत. कोल्हा असावा. या खाडीकाठच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत, हे इथल्या पुष्कळ रहिवाशांना ठाऊक नाही. मला अजून एकही धड फोटो मिळालेला नाही आणि त्यासाठी मी तिवरांच्या आत शिरणारही नाही.

होड्या लावतात त्या मोकळ्या जागी काका जाळं झाडत उभे असतात.

"आज बारस ना पोरी? नवाला भरंल पाणी."

"हो काका. मोजून आलेय."

सकाळी 7:00 ते 9:00

दिवसभरातलं खरं काम या दोन तासांत होतं.

ओहोटीला खाडीचा चिखल दूरपर्यंत उघडा पडतो आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पार आत पाण्याच्या रेषेवर चरत असतात. सहाशेच्या लेन्समधूनही तेव्हा नुसते गुलाबी ठिपके दिसतात. भरती लागली की पाणी चिखल गिळत पुढे सरकतं आणि पाण्याच्या कडेबरोबर थवाही आपल्याकडे येतो. कोपरखैरणे खाडीच्या पूर्व काठावर आहे, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून थेट पक्ष्यांवर पडतं. डोंगराच्या आडून येतं म्हणून जरा उशिरा, पण तोवर पाणीही चढत असतं. ऊन कोवळं असतानाच पाणी भरत येण्याचे दिवस पंधरवड्यात जेमतेम तीन-चार. तिथी मोजायची ती त्यासाठी.

पावणेआठला थवा टप्प्यात येतो. बहुतेक छोटे रोहित, गडद लालसर चोचीचे. मधूनच काळ्या टोकाच्या गुलाबी चोचीचा, उंच मोठा रोहित. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी आत ओढतात आणि गाळून बाहेर सोडतात. आत राहतं ते मुख्यतः सूक्ष्म शेवाळ. पिसांचा गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो. उन्हात ही फिकट पिसं लगेच करपतात, पांढरी फटक येतात, म्हणून एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने उतरवते. पुढे चिखलात शेकाट्या, तुतवार, आणि एकमेकांवर उड्या घेणारे निवटे.

बारा वर्षांपूर्वी मी इथेच एक गोष्ट केली. थवा उडताना पंखांचा लाल-काळा रंग हवा होता, म्हणून उठून जोरात टाळ्या वाजवल्या. शेकडो पक्षी उडाले. फोटो उत्तम आला, छापूनही आला. पण थवा परत बसला तो पार विक्रोळीकडच्या काठाला. जाळं सोडवणारे काका एवढंच म्हणाले, "त्यांची जेवायची वेळ होती." पाणी एकदा भरलं की चिखल झाकला जातो, चरायला मिळतात ते मोजके तास. त्यातला वेळ मी खाल्ला होता. तो फोटो मी पुन्हा कुणाला दिलेला नाही.

आता 1/2000 शटर लावून नुसती बसते. साडेआठला पाणी वाढलं की रोहित आपणहून उडतात. आज उड्डाणाच्या एकवीस चांगल्या फ्रेम मिळाल्या.

सकाळी 9:30

हवा तापते आणि लेन्समधलं चित्र थरथरू लागतं. याच्यापुढे कितीही महागडा कॅमेरा असला तरी उपयोग नाही. लेन्सवरचा खारट ओलावा पुसते आणि निघते.

सकाळी 10:15

निसर्ग उद्यान. ही पूर्वीची क्षेपणभूमी. कचऱ्याच्या त्या ढिगावर आज झाडं उभी आहेत. बांडगूळ धरलेल्या आंब्याजवळ हळदीकुंकू फुलपाखरू हमखास असतं, कारण त्याच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात. फुलपाखरू शोधायचं तर फुलाआधी अळीचं झाड शोधावं. खाडीकडेच्या पिलूच्या झुडपांवर सॅल्मन अरब येतं तेही याच कारणाने. नवी मुंबईकर आयझॅक केहिमकरांचं भारतीय फुलपाखरांवरचं 2008चं पुस्तक माझ्या टेबलावर इतकं उघडलं गेलं आहे की त्याची शिवण सुटली आहे.

दुपारी 1:00

जेवण, मग निवड. अकराशे फ्रेममधून चौदा ठेवते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करते: जात, संख्या, वेळ. घरट्याचा फोटो असला तर जागा लिहीत नाही.

कंटाळवाणं काम आहे, पण नोंदी साचल्याशिवाय जागा वाचत नाहीत. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्यामागे वर्षानुवर्षं पक्षी मोजत उभी राहिलेली माणसं आहेत.

दुपारी 4:30

मॅक्रो लेन्स घेऊन रस्त्याकडेच्या रुईपाशी. बिबळ्या कडव्याची अळी, काळे-पांढरे-पिवळे पट्टे, तीन जोड काळी शिंगं, पानाच्या देठाशी उलटी लटकली आहे. अंगाचा आकडा झाला आहे. म्हणजे आता खाणं संपलं; उद्यापर्यंत कात टाकून कोष होईल. रुईच्या चिकातलं विष तिने अंगात साठवलं आहे. त्यामुळे पुढे फुलपाखरालाही पक्षी सहसा तोंड लावत नाहीत.

शेजारच्या टपरीवाल्या ताईंना झुडूप दाखवते. "उद्या साफसफाईवाले आले तर एवढं सोडा म्हणून सांगाल?"

"सांगते. किडा आहे होय तो?"

"फुलपाखरू आहे, ताई."

त्या खाली वाकून बराच वेळ बघत राहतात.

संध्याकाळी 6:15

पुन्हा काठावर. आता सूर्य समोर, सगळं काळं-केशरी. पक्ष्यांच्या नुसत्या आकृत्या. दुपारी तीनला तळाला गेलेलं पाणी चढू लागलंय, थवा अजून लांब आहे. दोनच फ्रेम घेते.

रात्री 9:30

उद्या तेरस. पाऊणपट पावणेदहा. पक्षी जवळ येतील तोवर हवा थरथरायला लागलेली असेल. मोठी लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवते, मॅक्रो पिशवीत घालते आणि गजर साडेपाचचा लावते. उजाडायच्या आत रुईपाशी पोचायचं आहे.