बिल अडते कोठे? संगणकाच्या खातेवहीतील दिरंगाई

साड्यांच्या घाऊक पेढीत तीन-चार संगणक एकाच डेटाबेसवर चालत असतील, तर हा अनुभव नवा नाही. आतल्या खोलीत कारकून उधारीची यादी काढायला बसतो आणि बाहेर काउंटरवर बिल निघेनासे होते. गिऱ्हाईक ताटकळते, कधी उठूनही जाते. संगणकवाला 'मशीन जुने झाले' म्हणून नव्या सर्व्हरचे कोटेशन ठेवतो. पैसे मोजण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर तपासून घ्याव्यात : इंडेक्स आणि लॉक.

जुन्या खातेवहीत आरंभी नावांची अनुक्रमणी असे. अमक्याचे खाते पान ८७, की थेट तेथेच बोट. इंडेक्स म्हणजे हेच. तो नसेल तर एका गिऱ्हाइकाची बाकी पाहण्यासाठी संगणक बिलांच्या दोन लाख ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. असेल तर तीन-चार टप्प्यांत नेमक्या जागी पोचतो. मायएसक्यूएलमध्ये प्रश्नाच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लिहिला की तो किती ओळी चाळणार याचा अंदाज मिळतो. संगणकवाल्याकडून तो आकडा आपल्यासमोर काढून घ्यावा.

इंडेक्स असूनही तो वाया जाण्याची वाट प्रोग्रॅम लिहिणाराच करून ठेवतो. 'ज्या तारखेचे वर्ष २०२४ आहे ती बिले द्या' असे विचारले, तर प्रत्येक तारखेतून वर्ष काढून पाहावे लागते आणि तारखेचा साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. '१ जानेवारी २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत' असे विचारले की तोच इंडेक्स कामाला येतो. मात्र दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स चढवणेही बरे नाही. प्रत्येक नव्या बिलाबरोबर तितक्या अनुक्रमण्या लिहाव्या लागतात.

आता लॉक. लॉक ही काही खोड नव्हे. एकच शिल्लक साडी दोन काउंटरवरून विकली जाऊ नये म्हणून तो हवाच. प्रश्न आहे तो कुलूप केवढ्या जागेला लागते याचा. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम पद्धतीत कुलूप संपूर्ण टेबलाला, म्हणजे सबंध वहीला लागते. कारकुनाची लांबलचक यादी वाचून होईपर्यंत जुन्या बिलातली दुरुस्ती थांबते. लिहिणाऱ्याला प्राधान्य असल्याने, त्याच्यामागून नुसते वाचायला आलेलेही रांगेत अडकतात. सगळे दुकान ठप्प होते ते असे!

इनोडीबी पद्धतीत कुलूप ओळीपुरते असते आणि साध्या वाचनाला लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून नवे टेबल आपोआप याच पद्धतीत बनते, पण जुनी टेबले नुसती आवृत्ती बदलून बदलत नाहीत. ती मुद्दाम बदलावी लागतात.

येथे इंडेक्स आणि लॉक यांची गाठ पडते, आणि संगणकवालेही हीच गोष्ट विसरतात. डिझाइन नंबरावरून साठा कमी करायचा आहे, पण त्या रकान्यावर इंडेक्स नाही. मग इनोडीबी शोधताना चाळलेल्या प्रत्येक ओळीला कुलूप लावते. नावाला ओळीचे कुलूप, प्रत्यक्षात पुन्हा सबंध वही बंद. दुसरा काउंटर नेहमीच्या मांडणीत ५० सेकंद वाट पाहून चूक दाखवतो. बिल अर्धवट उघडे ठेवून गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस चालली, तर तेव्हाही तसेच होऊ शकते. म्हणून आधी सर्व ठरवावे, मग व्यवहार उघडून लगेच पुरा करावा.

नेमका कोणता प्रश्न रेंगाळतो ते 'स्लो क्वेरी लॉग'मध्ये उमटते. ही नोंद मुळात बंद असते आणि चालू केली तरी १० सेकंदांवरचेच प्रश्न धरते. काउंटरसाठी ती मर्यादा १ सेकंदावर आणून आठवडाभर ठेवावी. टेबलाची पद्धत बदलायची झाल्यास आधी पूर्ण प्रत काढून घ्यावी आणि काम दुकान बंद झाल्यावर करावे, कारण बदल चालू असताना त्या टेबलात काहीच लिहिता येत नाही.