गज वळेपर्यंत

पुण्यातल्या एका शाळेचं सभागृह. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, डिसेंबरची थंडी. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई मांडी घालून बसल्या, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं, दुसरं टोक छातीशी. असं दोन्हीकडे टेकलेलं वाद्य डाव्या हाताला सावरावं लागत नाही. हात मोकळा राहतो, त्यात या वाद्याला पडदे नाहीतच. बोट तारेवरून घसरत जातं आणि मींड गळ्यातून यावी तशी निघते.

बागेश्री सुरू झाला. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते, तिथून वादकाइतकेच श्रोतेही दिसतात. शेजारी एक काका होते. मांडीवर बोटांनी एकताल चाललेला, खालीला तळवा उताणा. बाई मध्यमावर येऊन थांबल्या. तो स्वर इतका लांबला की मागून कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. काकांच्या कपाळावर आठी उमटली. थोड्या वेळाने त्यांच्या घशातून फक्त एक ‘हं’ आला.

मध्यंतरात मी विचारलं, “काका, तुम्ही दाद दिलीत ती एवढ्या उशिरा?”

“अहो, गज वळला नव्हता अजून. गाणाऱ्याचा श्वास चालू असताना आपण मधे बोलतो का?”

मग मी गजाकडेच पाहू लागले. गज हा व्हायोलिनचा श्वास, आणि त्याला लांबी आहे. संपत आला की उलटा फिरवावाच लागतो. आलापीत ते वळण ऐकू येता कामा नये. ती सफाई हातात यायला वर्षं जातात. बंदिशीत मात्र तेच वळण मुद्दाम दाखवायचं, कारण तिथे अक्षर पडतं. शब्द नसलेल्या वाद्यातून शब्द उमटतो तो असा.

गायकीच्या अंगाने वाजवणं म्हणतात त्यातलं बरंचसं मर्म मला इथे दिसतं. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांची तालीम घेतली आणि गाण्याचा विस्तार व्हायोलिनवर आणला. गजाननराव जोशी तर गायकही होते आणि वादकही. डी. के. दातार द. वि. पलुसकरांच्या साथीला बसत. या मंडळींनी श्रोत्यांनाही घडवलं. आपला श्रोता व्हायोलिन ऐकताना मनात गाणंच ऐकत असतो, आणि त्याची दादही गाण्याचीच असते: समेवर झुकलेली मान, कोमल गंधाराला मिटलेले डोळे, जिभेने काढलेला ‘च्च’. हे सगळं मंचापर्यंत पोचतं. बाईंचे डोळे मिटलेले होते, पण पुढची रांग एकदम स्तब्ध झाली की त्या तीच जागा पुन्हा घेत, थोडी वेगळी करून.

द्रुतात तबल्याबरोबर सवालजवाब झाले, तिहाई पुरी व्हायच्या आत टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतला आनंद खरा होता. तरी शेवटचा धा त्यांच्याखाली बुडाला, याची मला हळहळ वाटली. ज्या बोलासाठी ती सगळी धावाधाव होती, नेमका तोच कुणाला ऐकू आला नाही.

शेवटी तुकोबांचा अभंग. पहिल्या ओळीलाच सभागृह सरसावून बसलं. मी डावीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं: ओठ हलत होते. एका आजींचे, त्यांच्या मांडीवरच्या नातीचे, दारात उभ्या असलेल्या चहावाल्याचे. आवाज कुणाचाच नाही. गजाचा प्रत्येक तुकडा एकेक अक्षर टाकत होता आणि माणसं ते तोंडात घोळवत होती. काकांच्या मांडीवरचा ताल केव्हाच थांबला होता. तेही शब्द म्हणत होते.

धृपदाकडे परतताना बाईंनी गजावरचा दाब कमी केला, आणखी कमी केला. तारेचा आवाज इतका बारीक झाला की त्याखाली एक गुणगुण ऐकू येऊ लागली. आम्हा सगळ्यांची. आपण गात आहोत हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नसावं. बाईंनी डोळे उघडले, समोर पाहिलं आणि तो शेवटचा स्वर गजाच्या टोकापर्यंत नेला.

गज वळला.

“वा,” काका म्हणाले.