उचलली जीभ आणि चार साक्षीदार

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण सर्वच समाजांना लागू आहे. कोणाच्या घरी कोण आले, कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोण प्रार्थनेला जात नाही, यावर निवाडा देण्याची हौस माणसाला फार. मुस्लिम समाजही त्याला अपवाद नाही. प्रश्न असा आहे की, या नसत्या उठाठेवीला इस्लामच्या धर्मवचनांचा आधार आहे काय? धर्माची चिकित्सा जरूर व्हावी, पण ती मूळ वचने पाहून व्हावी. ऐकीव माहितीवर मत ठोकून देणे तर्कनिष्ठ माणसाला शोभत नाही.

तिरमिझी यांच्या हदीससंग्रहात प्रेषित महंमद पैगंबरांचे एक वचन आहे. ज्याच्याशी आपला संबंध नाही ते सोडून देणे, हा माणसाच्या इस्लामच्या चांगुलपणाचा भाग आहे, असा त्याचा आशय. तेराव्या शतकातील सीरियाचे विद्वान इमाम नववी यांनी निवडक हदीसांचा जो छोटा संग्रह केला, त्यात हे वचन बारावे आहे. त्याच संग्रहातील पंधरावे वचन सांगते की, श्रद्धावानाने बोलायचे तर चांगले बोलावे, नाहीतर गप्प राहावे.

कुराणाच्या ४९ व्या सूरहमध्ये याचीच नियमावली आहे. भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल, असे सहावी आयत बजावते. बारावी आयत संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या तिन्ही गोष्टींना मनाई करते. निंदेला तर ती मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा देते. दुसरे खलिफा उमर यांची एक गोष्ट परंपरेत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना त्यांनी भिंत चढून एका घरात गैरकृत्य करणाऱ्याला पकडले. तो उलट म्हणाला, मी एक गुन्हा केला असेल, आपण तीन केले. हेरगिरी केली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाहीत. खलिफांनी त्याला सोडून दिले. सत्ताधीशालाही घराचा उंबरठा ओलांडण्याचा मुक्त परवाना नाही, हा या गोष्टीचा अर्थ आहे.

वकील या नात्याने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती २४ वी सूरह. परंपरेनुसार, एका मोहिमेवरून परतताना पैगंबरांच्या पत्नी आयेशा हरवलेला हार शोधत मागे राहिल्या आणि एका तरुण सहकाऱ्याच्या उंटावरून परत आल्या. एवढ्यावरून मदिनेत कुजबुज सुरू झाली. ती सुमारे महिनाभर चालली. या प्रसंगाशी जोडल्या जाणाऱ्या आयती अफवा पसरवणाऱ्यांना फटकारतात. ज्याचे ज्ञान नाही ते तोंडाने पसरवत होतात आणि ही क्षुल्लक बाब समजत होतात, असे त्या विचारतात. चारित्र्यवान स्त्रीवर आरोप करणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत. आणता आले नाहीत तर त्यालाच ८० फटके, आणि पुढे त्याची साक्ष कधीही ग्राह्य नाही. म्हणजे पुराव्याचा भार आरोप करणाऱ्यावर! फटक्यांची शिक्षा आजच्या न्यायकल्पनेत बसत नाही, हे खरेच. पण नियमाचा रोख स्पष्ट आहे. तो स्त्रीला पकडण्यासाठी नव्हता, लोकांची तोंडे बंद करण्यासाठी होता.

या नियमाचे पुढे काय झाले? पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांनी १९७९ साली हुदूद अध्यादेश आणले. त्यांत व्यभिचार आणि बलात्कार एकाच कायद्याखाली आले आणि बलात्काऱ्याला सर्वोच्च शिक्षा देण्यासाठी त्याची कबुली किंवा चार पुरुष साक्षीदार लागू लागले. साहिवाल येथील एक अंध तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. १९८३ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी सोडले आणि तिचे गरोदरपण हाच पुरावा मानून तिलाच कैद व फटक्यांची शिक्षा सुनावली. देशभर निषेध झाला, तेव्हा संघीय शरियत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. बलात्काराचा गुन्हा पुन्हा दंडसंहितेत यायला २००६ साल उजाडावे लागले. जी तरतूद स्त्रीची ढाल होती, तीच तिच्या पाठीवरचा आसूड झाली. हे कोणी केले? पुरुषसत्ता आणि लष्करी सत्ता यांच्या युतीने केले.

यावर कोणी म्हणेल, वाईट दिसले तर ते हाताने, नाहीतर जिभेने, तेही न जमल्यास मनाने नाकारा, असेही हदीसमध्येच आहे ना? होय, आहे. याच आधारावर धर्मपोलीस उभे राहिले. परंतु या वचनात वाईट 'दिसले' तर असे म्हटले आहे, शोधून काढले तर असे नाही. अकराव्या-बाराव्या शतकातील विचारवंत गझाली यांनी अटच घातली की, ते कृत्य हेरगिरी न करता उघड दिसणारे असले पाहिजे. सौदी अरेबियाने २०१६ साली आपल्या धर्मपोलिसांचे अटकेचे अधिकार काढून घेतले. इराणमध्ये मात्र हिजाब नीट नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनी या २२ वर्षांच्या तरुणीचा सप्टेंबर २०२२ मध्ये कोठडीत असताना मृत्यू झाला.

मग गप्प कुठे राहायचे आणि बोलायचे कुठे? याचेही उत्तर परंपरेत आहे. जुलमी सत्ताधीशापुढे न्यायाची बाजू मांडणे हा श्रेष्ठ जिहाद आहे, असे हदीस सांगते. म्हणजे शेजाऱ्याच्या खासगी आयुष्याबाबत मौन आणि अन्यायाबाबत निर्भय वाणी! प्रत्यक्षात उलटे घडते. शेजारणीच्या पदराबद्दल, बुरख्याबद्दल सगळ्यांची जीभ सैल असते आणि सत्तेपुढे तीच जीभ टाळ्याला चिकटते. हे केवळ मुस्लिमांचे दुखणे नाही. म्हणून कोणाविषयीही निवाडा देण्याआधी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला हे नक्की ठाऊक आहे काय? यात कोणावर अन्याय होतो आहे काय? नसेल, तर माझा याच्याशी संबंध काय?