दिवा कोणाचा, तेल कोणाचे?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअर बाजारात तासभर मुहूर्ताचे सौदे होतात. १९५७ पासून चालत आलेली ही प्रथा आता पेढीवरून उतरून घरोघरच्या मोबाइलमध्ये शिरली आहे. चकलीचा तुकडा तोंडात आणि बोट भावाच्या आकड्यावर, असे दृश्य मध्यमवर्गीय घरांतही नवलाचे राहिलेले नाही. आणि अशा वेळी एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘विजेचे घ्या, तेलाचे घ्या, नाहीतर पवनचक्कीचे घ्या. जग काही अंधारात बसणार नाही!’

युक्तिवाद मोठा गोड आहे. पण मिठावाचूनही कोणाचे चालत नाही, म्हणून काही मिठागरवाले कुबेर झालेले नाहीत! वस्तू गरजेची असणे आणि तिच्या धंद्यात नफा असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाग घेण्यापूर्वी विचारावयाचे ते हे, की या वस्तूची किंमत ठरवतो कोण, आणि ती किंमत देतो कोण?

प्रथम विजेचे पाहू. तिचा आपल्याकडचा इतिहास घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसापासून सुरू होतो. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून ते पाणी खोपोलीला खाली सोडायचे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न. ते १९०४ मध्ये निवर्तले. कंपनी निघाली १९१० मध्ये आणि वीज आली १९१५ मध्ये. भांडवल उभे राहिले ते इथल्या धनिकांच्या आणि संस्थानिकांच्या पैशातून. स्वप्न पाहणाऱ्याच्या पश्चात अकरा वर्षांनी दिवा लागला, यातच या धंद्याचा स्वभाव दिसतो. पैसा आधी, सगळा, आणि फळ मागाहून, थोडे थोडे.

आज विजेच्या बऱ्याचशा धंद्यात किंमत बाजार ठरवीत नाही, आयोग ठरवतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाने औष्णिक केंद्रांसाठी मालकांच्या भांडवलावर १५.५ टक्के हा परताव्याचा पायाभूत दर २००९ मध्ये धरला, आणि २०२४ च्या नियमांतही चालू केंद्रांसाठी तो ठेवला. केंद्र ठरल्याप्रमाणे सज्ज राहिले तरच तो पदरात पडतो, आणि बाजारात चढ्या भावाने भाग घेणाऱ्याला तो त्याच्या खरेदीवर मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. वाढ बेताची, पण घास ठरलेला; जणू सरकारी नोकरीतला जावई!

परंतु घास ठरलेला असला तरी वाढणारा हात रिकामा असला तर? गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचे हेच झाले. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडू लागली, की राज्य वीज मंडळाला बिले पेलेनात. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. करारपत्र पक्के होते. गिऱ्हाइकाचा खिसा पक्का नव्हता.

तेलाची तऱ्हा याहून वेगळी. १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल काढले, तेव्हा साऱ्या देशाला दिवाळी झाली. पण तेलाचा भाव ठरतो जगाच्या बाजारात. जुलै २००८ मध्ये पिंप १४७ डॉलरवर गेले. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या वायद्याच्या बाजारात ते शून्याच्याही खाली उतरले. विकणाराच पैसे देऊन ‘घेऊन जा बाबा’ म्हणू लागला! त्याच महिन्यात शेल कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच लाभांश कापला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाभांशावर लोक विसंबले, तो ४७ सेंटांवरून १६ वर आला.

आपल्याकडे याच्या जोडीला सरकार आहे. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये मोकळे झाले. तोपर्यंत महाग तेलाचा भार ओएनजीसीला सवलतीच्या रूपाने उचलावा लागे. पुढे भाव चढले तेव्हा जुलै २०२२ मध्ये देशी तेलावर जादा कर बसला, तो डिसेंबर २०२४ मध्ये उठला. भाव पडला तर तोटा भागधारकाचा. चढला तर वाट्याला सरकार येते.

राहता राहिले वारा आणि ऊन. त्यांना कोणी बिल पाठवीत नाही, म्हणून नफा मोठा, असा भोळा हिशेब पुष्कळ जण करतात. पण जळण सर्वांनाच फुकट असेल तर स्पर्धा कशात? कमी दरात! राजस्थानातल्या भडला येथे २०१७ मध्ये सौर विजेची बोली युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आली. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात ती १ रुपया ९९ पैशांवर उतरली. वीज घेणाऱ्याचे भले झाले. भागधारकाचे होईलच असे नाही.

साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभारणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनची कथा बोलकी आहे. २००५ मध्ये तिचा भाग ५१० रुपयांना विकला गेला. कंपनीने परदेशात मोठ्या खरेद्या केल्या, कर्ज वाढले, आणि २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची रक्कम चुकती करता आली नाही. मूळच्या एका भागाचे मधल्या काळात पाच झाले होते. मार्च २०२० मध्ये त्या पाचांचे मिळून दहा रुपयेही येत नव्हते. कंपनी सावरली, २०२४ मध्ये एकेक भाग ऐंशीच्या वर गेला. पण पाच मिळूनही ५१० भरले नाहीत. एकोणीस वर्षे वारा मात्र अखंड वाहत होता!

आणखी एक हिशेब ताळेबंदात सापडत नाही. मुळशीचे धरण विजेसाठीच झाले. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी त्याविरुद्ध सत्याग्रहाला बसले, तुरुंगात गेले. तरी भातखाचरे बुडालीच. मुंबईला उजेड मिळाला, भागधारकाला लाभांश मिळाला. ‘लाभांश’ या शब्दात ‘अंश’ आहे, म्हणजे बाकीचे वाटे आणखी कोणाकोणाचे असतात. काहींच्या वाट्याला नुसते पाणी येते.

म्हणून भाग घेऊच नयेत असे नाही. घ्यावेत; पण वार्षिक अहवालात तीन गोष्टी पाहून : कर्ज किती, येणे किती थकले, आणि रोख पैसा खरोखर हाती येतो की कागदावरच राहतो. मुलीच्या फीचा, आईच्या औषधाचा पैसा मात्र तिकडे नेऊ नये. पणतीत तेल किती आहे हे पाहून वात मोठी करावी, हे आपल्या आजीला कोणत्याही आयोगावाचून कळत होते.