सौरदिवा विझतो तो आतल्या गंजाने

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३ मधल्या बालमृत्यूंमुळे. त्यानंतर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर योजनांची रांग लागली, आणि दुर्गम भागातल्या योजनेत आता सौरदिवा असतोच. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. दिवा विझतो तो बहुतेक वेळा बॅटरीमुळे. खांबांवर हल्ली लिथियम दिसू लागलं असलं, तरी शाळेतल्या किंवा उपकेंद्रातल्या इन्व्हर्टरखाली अजून शिशाचीच जड बॅटरी आढळते.

तिच्याकडे पाहिलं की आधी डोळ्यांत भरते ती टर्मिनलवरची निळसर-हिरवी भुकटी. आम्लाचे सूक्ष्म तुषार तांब्याच्या जोडणीवर बसून तयार झालेलं ते मोरचूद. शेजारची पांढरी पावडर म्हणजे शिशाचं सल्फेट. वायरी सोडवायच्या, पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने पुसायचं, कोरडं करायचं, नट आवळायचा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. सोड्याचं पाणी तेवढं झाकणाच्या भोकातून आत जाता कामा नये. पावसाळा तोंडावर आला की हे करावंच. पण हा गंज दिसतो, म्हणून तो निम्मा सुटलेला प्रश्न आहे.

बॅटरीचा जीव घेणारा गंज आत असतो. धन पट्टीतला रासायनिक माल ज्या शिशाच्या जाळीवर (ट्यूब्युलर बॅटरीत सळ्यांवर) उभा असतो, ती जाळी आम्लात हळूहळू स्वतःच शिशाच्या डायऑक्साइडमध्ये बदलत जाते. गंमत म्हणजे बॅटरीचा जन्मही असाच झाला. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे आम्लात ठेवले आणि वीज उलटसुलट सोडून ते मुद्दाम गंजवले. तो गंजाचा थर म्हणजेच वीज साठवणारा माल. आज आपण तोच गंज आवरायला शिशात अँटिमनी, कॅल्शियम, कथील मिसळतो. डायऑक्साइडला शिशापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून जाळी फुगते, ताणली जाते. जुन्या बॅटरीचं धन टर्मिनल झाकणातून किंचित वर आलेलं दिसलं, तर आतली जाळी वाढली आहे असं खुशाल समजावं. तिथे व्हॅसलीनचा काही उपयोग नाही.

या गंजाला सगळ्यात जास्त बळ देते ती उष्णता. ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे बॅटरीची क्षमता २७ अंश सेल्सिअस धरून मोजतात. मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात तापलेली पत्र्याची पेटी सत्तेचाळीसला पोचली, तर तेवढ्या काळापुरता झिजेचा वेग चौपट. त्यावर चार्जर साधा असेल तर आणखी भर. उष्णता वाढली की चार्जिंगचा दाब दर सेलमागे, दर अंशाला तीन ते पाच मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. तो उतरला नाही की बॅटरी जास्त चार्ज होते, पाणी उडतं आणि जाळी खाल्ली जाते.

मग मुळातच तापलेल्या बॅटऱ्यांचं काय? सोडियम-सल्फर बॅटरी ३०० ते ३५० अंशांवर चालते. आत सोडियम आणि गंधक दोन्ही वितळलेले, मधे बीटा-अ‍ॅल्युमिना नावाच्या सिरॅमिकची नळी. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत ती आकाराला आली, जपानच्या एनजीकेने बाजारात आणली. बाहेर जव्हारचा मे असो की जानेवारी, तिला फरक नाही. तिचं दुखणं वेगळं. डिस्चार्ज होताना तयार होणारं सोडियम पॉलिसल्फाइड पोलादाचा डबा आतून खातं. अ‍ॅल्युमिनियम टिकतं, पण त्यावर सल्फाइडचा थर बसतो आणि तो वीज अडवतो. म्हणून डब्याला आतून क्रोमियमयुक्त अस्तर लावतात. २०११ मध्ये जपानमधल्या एका कारखान्यात अशा बॅटऱ्यांना लागलेली आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. तिथे एका सेलमधून गळलेल्या वितळलेल्या मालाने शेजारच्या सेल शॉर्ट केल्या होत्या.

अशा गरम, गंजवणाऱ्या मालाशी झुंजण्याचं ज्ञान वावरपासून फार लांब नाही. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट विकसित केला. मार्च २०२१ मध्ये त्याचं जमिनीवरचं प्रारूप यशस्वी ठरलं. दीडशे-दोनशे अंशांवरच्या त्या आम्लात बहुतेक धातू तग धरत नाहीत, म्हणून या जातीच्या घटात पट्ट्या ग्रॅफाइटच्या असतात. धातू वाचवायचा, तर कधी तो वापरायचाच नाही.

सतत गरम ठेवावी लागणारी बॅटरी पंचवीस घरांच्या पाड्याला परवडणार नाही; ती मोठ्या वीजकेंद्राची गोष्ट. सौरपंपाला तर बॅटरीच नको. दिवसा पाणी चढावरच्या टाकीत भरून ठेवलं की झाली साठवण. दिव्यांसाठी मात्र बॅटरी लागणारच. मग पेटी उत्तरेकडे, छपराच्या सावलीत, खाली-वर हवेला वाट ठेवून बसवावी. आतल्या पट्ट्या बुडतील एवढं डिस्टिल्ड पाणी राहावं. हंड्यातलं नको, त्यातले क्षार आत साठत जातात. आणि निविदेवर सही करणाऱ्याने पुरवठादाराला एवढं विचारावं: पाच वर्षं म्हणता, ती किती अंशांवर? चार्जरला तापमान मोजणारी वायर आहे का, आणि ती बॅटरीला चिकटवली आहे की पेटीत नुसती लोंबते आहे?