उचकीची चिठ्ठी

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावची यात्रा. रात्रीचे बारा वाजून गेलेले. शेजारी बसलेल्या आजोबांनी बंडीच्या खिशातून पन्नासाची नोट काढली, सिगारेटच्या पाकिटाच्या तुकड्यावर एकच शब्द लिहिला आणि दोन्ही पुढं धाडलं. शब्द होता ‘उचकी’. स्टेजवर ऑक्टोपॅड कडकडत होता, सहा मुली नव्या हिंदी गाण्यावर नाचत होत्या. चिठ्ठी हातोहात पोचली. माइकवर गावाचं नाव पुकारून बक्षिसाचे आभार मानले गेले आणि कीबोर्डवाल्यानं दोन सूर चाचपून ‘पिंजरा’तली उचकीची लावणी धरली. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ह्यो खरा तमाशा,” ते म्हणाले.

मला हसू आलं. कारण ही लावणी तमाशाची नव्हेच, सिनेमाची. ‘पिंजरा’ १९७२चा. शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाल राम कदमांची, गळा उषा मंगेशकरांचा आणि पडद्यावर संध्या. सिनेमाचं मूळ शोधायला गेलं तर दिग्दर्शक शांतारामबापूंच्या आधी थेट १९३०च्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाशी जाऊन पोचतं. जर्मनीतला मास्तर आपल्याकडं येऊन तमाशातल्या बाईपायी तुणतुणं वाजवायला लागला, आणि पन्नास वर्षांनी त्याच सिनेमातलं गाणं घोड नदीच्या खोऱ्यात ‘खरा तमाशा’ म्हणून मागवलं जातं.

सिनेमातलं गाणं असं फडावर येण्याचा त्याच्या आधीचा मोठा दाखला ‘सांगत्ये ऐका’चा. १९५९चा हा अनंत मान्यांचा चित्रपट पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यातली बुगडीची लावणी माडगूळकरांनी लिहिली, वसंत पवारांनी बांधली, आशाबाईंनी गायली. सिनेमावाल्यांनी फडावरून ढोलकी उचलली, ठेका उचलला, नऊवारीचा डौल उचलला; गाणं मात्र तीन मिनिटांत कापून बसवलं, कारण रेकॉर्डवर मावेल तेवढंच हवं होतं. फडवाल्यांनी ते तयार गाणं पुन्हा स्टेजवर आणलं. उसनं नेलेलं भांडं कल्हई करून परत यावं, तसं.

‘पिंजरा’ आला त्याच १९७२ साली इंग्लंडात ग्लॅम रॉक भरात होता. आदल्या वर्षी मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला होता. ७२च्या जुलैत डेव्हिड बोवी तांबडे केस आणि रंगीबेरंगी पोशाख करून बीबीसीवर गायला, आणि बापये असे नटतात म्हणून घराघरांतली वडीलधारी मंडळी बिथरली. जुन्नरचा माणूस बिथरला नसता. त्यानं नाच्या पोऱ्या पिढ्यान् पिढ्या पाहिलेला. ‘स्लेड’ या बँडचं नाताळाचं गाणं १९७३चं. न्यूयॉर्कमध्ये ऐन उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित केलेलं. पण आजही डिसेंबर लागला की तिकडच्या दुकानादुकानांत ते वाजतं. त्यांचा डिसेंबर, आपला यात्रांचा चैत्र.

चैत्रातल्या तमाशाच्या सुपाऱ्यांचा बाजार पाहायचा तर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव गाठावं. पुणे–नाशिक रस्त्यावरच्या या गावाला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, वही, पाण्याचा जार. गावोगावचे कारभारी जीपगाड्या करून येतात, घासाघीस करतात, सुपारी देतात. पालखीच्या दिवसाचा भाव वेगळा. २०२० आणि २०२१च्या करोनात यात्रा बंद पडल्या, तेव्हा या व्यवहारावर जगणाऱ्या माणसांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

नारायणगाव म्हटलं की विठाबाई. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड, त्यात भाऊंची ही लेक. पोटासाठी नाचण्याचं तिचं गाणं गाजलं खरं. पण या भागात विठाबाईंची आठवण निघाली की लोक गाणं म्हणत नाहीत, प्रसंग सांगतात: खेळ रंगात आलेला, कळा सुरू झाल्या, कनातीमागं बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा उभी राहिली. सांगणारा प्रत्येक जण जणू तिथं हजर होता. शेवटची वर्षं हलाखीत काढून त्या २००२ साली गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

‘तमाशाचा ऑर्केस्ट्रा झाला’ ही तक्रार मी लहानपणापासून ऐकतो. तीत अर्धंच तथ्य आहे. गण, गौळण, बतावणी झाली की रंगबाजी, आणि रंगबाजीत त्या-त्या काळचं चलनी गाणं वाजायचंच. २०१०ला ‘नटरंग’ आला. अजय-अतुलच्या त्या लावण्या ऐकून जी पोरं शिट्ट्या मारत होती, ती आता तिशीत आहेत आणि त्याच लावण्यांसाठी ‘जुनं लावा’ म्हणून नोट पुढं करतात. गेला तो वग. तास-दोन तास चालणारं, राजा-प्रधान-सोंगाड्याचं ते नाट्य कुणी चिठ्ठीवर मागत नाही. गाणं पाकिटाच्या तुकड्यावर मावतं. वग मावत नाही. माझ्या मते खरी हळहळ त्याची वाटायला हवी.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होती, तमाशाचा दिवसाउजेडीचा खेळ. पारापुढं पाचट पेटवून एक जण हलगी शेकत होता, बोटानं टिचकी मारून कान लावत होता, पुन्हा शेकत होता. रात्री उचकीवर नाचलेली मुलगी ओट्यावर बसून चाळ बांधत होती, चहाचा कप बाजूला. आजोबा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आलेले. त्यांना डिवचावं म्हणून मी विचारलं, “आजोबा, ‘पिंजरा’ कुठल्या टॉकीजला पाहिलात?”

“पिंजरा? न्हाय बा. आमाला कुठलं टॉकीज,” ते म्हणाले. “ही उचकी हितंच ऐकली पयल्यांदा. ह्याच पारापुढं. हजेरीला.”

तेवढ्यात हलगी वाजली आणि ते पुढं सरकले.