चारशे माणसे, एकशे साठ साक्षी
अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमचा हृदयविकार-अभ्यास १९४८ साली सुरू झाला. १९७१ पासून मूळ सहभागींची मुलेही त्यात आली. संख्या वाढली, पण पुरावा तेवढाच वाढला का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. भावंडांचे रक्त एक, बालपणीचे ताटही एक. समजा, शंभर घरांतील चार-चार भावंडांचा रक्तदाब मोजला आणि भावंडांमधील सहसंबंध ०.५ निघाला, तर सरासरी काढताना ४०० जणांची साक्ष नाते नसलेल्या १६० जणांइतकीच ठरते. नेहमीचे समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, प्रत्येकाला स्वतंत्र साक्षीदार धरते. मग योगायोगही औषधाचा गुण भासू शकतो. लिआंग आणि झेगर यांची १९८६ मधील पद्धत एकेका घराला एक गट मानून अनिश्चितता मोजते. खात्री थोडी घटते. पण उरते ती भरवशाची.